कर्नलची पत्रिका

लिनक्सवर एखादे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करण्याची क्रिया दोन प्रकारांनी पार पडते. पहिल्या प्रकारात वापरणारा एक आज्ञा देतो, पडद्यावरून काही ओळी सरकतात आणि सॉफ्टवेअर बसते. दुसऱ्या प्रकारात वापरणारा तीच आज्ञा देतो, तशाच ओळी सरकतात, मात्र त्यांतील शेवटची ओळ त्याला असे कळवते की त्याच्या कर्नलमध्ये एक विशिष्ट सोय चालू केलेली नाही, तेव्हा ती चालू करून कर्नल पुन्हा बांधावा, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग हवे तर परत यावे. डेबियन, उबुंटू किंवा फेडोरा यांसारखी तयार वितरणे वापरणाऱ्यांच्या वाट्याला बहुधा पहिलाच प्रकार येतो, कारण ही चिकित्सा त्यांच्या वतीने कोणीतरी आधीच उरकलेली असते. दुसरा प्रकार हा आपला कर्नल आपणच बांधला पाहिजे असे मानणाऱ्या अल्पसंख्य पण चिवट वर्गासाठी राखीव असून, सॉफ्टवेअरने कर्नलची पात्रता तपासण्याची जी रीत या वर्गात रूढ झाली आहे, तिचा विचार येथे करावयाचा आहे.

कर्नल म्हणजे संगणकाची यंत्रसामग्री आणि तिच्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्या मध्ये बसलेला असा भाग, की ज्याच्या अनुमतीवाचून कोणत्याही प्रोग्रॅमला मेमरीचा एक तुकडा, डिस्कवरचे एक अक्षर किंवा नेटवर्कवरचा एक संदेशही मिळू शकत नाही. लिनस तोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नलची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा ती सुमारे दहा हजार ओळींची होती. आज त्या ओळींची मोजणी कोटींत करावी लागते. मनगटी घड्याळापासून महासंगणकापर्यंत सर्वत्र हाच कर्नल चालत असल्यामुळे त्यातील सर्वच्या सर्व भाग कोणत्याही एका यंत्राला लागत नाहीत, आणि म्हणून कर्नल बांधण्यापूर्वी कोणते भाग घ्यावेत व कोणते सोडावेत हे ठरवणे भाग पडते. या निवडींच्या संचाला कर्नलचे कॉन्फिगरेशन म्हणतात.

निवड ज्या प्रश्नावलीतून होते तिचे नाव केकॉन्फिग. तिच्यातील प्रश्नांची संख्या दहा हजारांच्या पुढे गेली असून (एका यंत्राला त्यांतले बरेचसे लागू होत नाहीत, एवढाच काय तो दिलासा) पुष्कळ प्रश्नांना तीन उत्तरे संभवतात: ‘वाय’ म्हणजे ती सोय कर्नलमध्येच कायमची बांधावी, ‘एम’ म्हणजे ती मॉड्यूल म्हणून, अर्थात गरज पडेल तेव्हा आत घेता येईल असा सुटा भाग म्हणून ठेवावी, आणि ‘एन’ म्हणजे ती नकोच. प्रश्नाला मदतीचा मजकूर जोडलेला असतो. अनेकदा त्यात सोयीचे नावच थोडे लांबवून सांगितलेले असते आणि अखेरीस, खात्री नसेल तर अमुक उत्तर द्यावे, असा सल्ला असतो. ज्याला खात्री असते तो मदत उघडत नाही आणि जो मदत उघडतो त्याला खात्री नसते, हे लक्षात घेतले तर त्या मजकुराचे केवळ शेवटचे वाक्यच वाचले जाते, असे मानण्यास हरकत नाही.

ही प्रश्नावली सामान्यांच्या आवाक्यात आणण्याचा एक मोठा प्रयत्न इतिहासात नमूद आहे. एरिक रेमंड यांनी या शतकाच्या आरंभी पायथन भाषेत ‘सीएमएल२’ नावाची नवी व्यवस्था लिहिली, आणि जानेवारी २००२ मध्ये तिचे समर्थन करताना त्यांनी टिली मावशी नावाचे एक पात्र उभे केले: संगणकाचे काहीही ज्ञान नसलेल्या या मावशीलाही आपला कर्नल बांधता आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. कर्नल लिहिणाऱ्यांचे म्हणणे असे पडले की मावशीला कर्नल बांधण्याची मुळात गरजच काय, तिने वितरणाने दिलेला कर्नल सुखाने वापरावा. वाद बराच रंगला, त्यात मावशीचे मत कोणी विचारले नाही, कारण ती अस्तित्वातच नव्हती. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस रोमन झिप्पल यांची केकॉन्फिग ही व्यवस्था २.५.४५ या आवृत्तीत स्वीकारली गेली. मावशीचा प्रश्न मात्र सुटला, कारण पुढे बहुसंख्य माणसांनी, कर्नल म्हणजे काय हे न विचारताच, तो फोनमध्ये घालून खिशात ठेवला.

प्रश्नावलीची सर्व उत्तरे ‘.कॉन्फिग’ नावाच्या एका साध्या मजकूर-फाइलमध्ये साठवली जातात. नावाच्या आरंभी टिंब असल्यामुळे ती फाइल नेहमीच्या यादीत दिसत नाही, आणि ही फाइल आपोआप तयार झालेली असून तिच्यात हाताने बदल करू नयेत, ही सूचना फाइलच्या माथ्यावर लिहिलेली असल्यामुळे ती बहुधा हाताने बदल करायला बसलेल्या माणसालाच वाचायला मिळते. या फाइलचे व्याकरणही अभ्यासण्याजोगे आहे. ‘#’ या चिन्हाने सुरू होणारी ओळ म्हणजे टिप्पणी, म्हणजे माणसाने वाचावी आणि यंत्राने सोडून द्यावी अशी ओळ, असा संगणकशास्त्रातला जवळजवळ सार्वत्रिक संकेत आहे. परंतु येथे नाकारलेली सोय नेमकी अशाच टिप्पणीच्या रूपात, ‘अमुक निवडलेले नाही’ या अर्थाच्या ओळीने नोंदली जाते, आणि यंत्र ती मनापासून वाचते. नकाराची टिप्पणी असेल तर तो नकार समजला जातो, आणि ती ओळच पुसली तर उत्तर दिलेलेच नाही असे समजून पुढच्या वेळी तो प्रश्न पुन्हा विचारला जातो. टिप्पणीला इतका मान अन्यत्र क्वचितच मिळत असेल.

आता तपासणीकडे वळता येईल. तिचे शास्त्रशुद्ध रूप पाहायचे तर जेंटू या वितरणाकडे जावे लागते. डॅनियल रॉबिन्स यांनी सुरू केलेल्या आणि २००२ मध्ये १.० या आवृत्तीला पोहोचलेल्या या वितरणात पॅकेजे सहसा मूळ स्रोतापासून वापरणाऱ्याच्याच संगणकावर बांधली जातात, आणि प्रत्येक पॅकेजाच्या कृतीपत्रात, ज्याला तेथे ईबिल्ड म्हणतात, त्या पॅकेजाला कर्नलमध्ये कोणत्या सोयी लागतात यांची यादी ‘कॉन्फिग_चेक’ या नावाखाली देता येते. यादीतील साधे नाव म्हणजे ती सोय हवीच, नसेल तर काम तेथेच थांबेल. नावाआधी उद्गारचिन्ह असेल तर ती सोय असताच कामा नये. आणि नावाआधी नागमोडी रेघ असेल तर सोय नसल्याबद्दल इशारा दिला जाईल, पण काम पुढे चालू राहील.

महाराष्ट्रीय वाचकाला ही रीत विवाहापूर्वीच्या पत्रिका जुळवण्यावरून चटकन उमगेल. साधे नाव म्हणजे हवाच असा ग्रह, उद्गारचिन्ह म्हणजे त्या स्थानी नकोच असा ग्रह, आणि नागमोडी रेघ म्हणजे सौम्य मंगळ, की ज्याचा गंभीर चेहऱ्याने उल्लेख केला जातो, परंतु ज्याच्यापायी मंगल कार्यालयाची आगाऊ रक्कम बुडू दिली जात नाही. पत्रिका पाहायचीच नाही असे ठरवणाऱ्या सुधारकांसाठीही सोय आहे: जेंटूमध्ये ‘चेककॉन्फिग_डूनथिंग’ नावाचे एक चल असून त्याला मूल्य दिले की दोष आढळूनही कार्य थांबत नाही. मात्र या पद्धतीचे खरे मर्म वेगळेच आहे. तपासला जातो तो कर्नलविषयीचा कागद. प्रत्यक्ष कर्नलला कोणी काही विचारत नाही. पुढे ज्या अडचणी उद्भवतात त्यांतील बहुतेकांचे मूळ एवढ्यातच आहे.

पहिली अडचण, कागद कोणाचा, ही होय. जेंटूतील तपासणी सर्वप्रथम ‘यूएसआर’ या निर्देशिकेतील ‘एसआरसी’ या उपनिर्देशिकेत ‘लिनक्स’ नावाचा जो दुवा असतो, तो ज्या स्रोताकडे बोट दाखवतो त्या स्रोताची ‘.कॉन्फिग’ पाहते. हा स्रोत चालू कर्नलचाच असेल असे नाही. तो काल उतरवलेला आणि अद्याप न बांधलेला नवा कर्नल असू शकतो, किंवा कधीच बाजूला पडलेला जुना. त्यामुळे चालू कर्नलमध्ये सोय असूनही पॅकेज अडते आणि सोय नसूनही ते बसते, असे दोन्ही चमत्कार संभवतात. याला एक तर्कशुद्ध समर्थनही आहे: पॅकेज आज बांधले तरी ते उद्याच्या कर्नलवर चालायचे आहे, तेव्हा उद्याचाच कागद पाहावा. हा तर्क अर्थातच वापरणारा उद्या संगणक पुन्हा सुरू करील या गृहीतावर उभा आहे, आणि लिनक्स वापरणाऱ्यांना आपला संगणक किती दिवस न थांबता चालू आहे हे सांगण्यात जो अभिमान वाटतो, तो पाहता हे गृहीत धाडसी म्हणावे लागेल.

चालू कर्नलचाच कागद हवा असेल तर त्याचीही तरतूद आहे. ‘प्रॉक’ ही एक आभासी निर्देशिका आहे, म्हणजे तिच्यातील फाइली डिस्कवर नसून कर्नल त्या मागणीनुसार निर्माण करतो; तिच्यातील ‘कॉन्फिग.जीझेड’ या फाइलमध्ये चालू कर्नलचे संपूर्ण कॉन्फिगरेशन दाबून ठेवलेले सापडते. फक्त ही फाइल दिसण्यासाठी कर्नल बांधताना ‘आयकेकॉन्फिग’ आणि ‘आयकेकॉन्फिग_प्रॉक’ या दोन सोयी निवडलेल्या असाव्या लागतात. म्हणजे कोणत्या सोयी निवडल्या होत्या हे कळण्यासाठी ते कळण्याची सोय निवडलेली असावी लागते, आणि ती निवडली होती की नाही हे ती फाइल नसल्यावरूनच कळते. तर्कशास्त्राच्या अभ्यासकाने आणखी पुढे जाऊन हे पाहावे की ‘आयकेकॉन्फिग’ला ‘एम’ हेही उत्तर देता येते, आणि तसे दिल्यास कोणकोणती मॉड्यूले आहेत ते जाणण्यासाठी आधी एक मॉड्यूल आत घ्यावे लागते.

कंटेनर चालवणाऱ्या डॉकर या सॉफ्टवेअरसोबत कर्नल तपासणारी जी स्क्रिप्ट मिळते, तिने यावर व्यवहारी मार्ग काढला आहे. ती प्रथम ‘प्रॉक’मध्ये पाहते, मग ‘बूट’ निर्देशिकेत, मग कर्नलच्या स्रोतात, आणि कोठेच काही न मिळाल्यास वापरणाऱ्यालाच सांगते की कागद कोठे आहे ते सांगून तिला पुन्हा चालवावे. कागद मिळाला की ती सोयींची यादी हिरव्या आणि लाल रंगांत छापते. त्या यादीचे दोन मुख्य विभाग आहेत, एक ‘सामान्यतः आवश्यक’ आणि दुसरा ‘ऐच्छिक’. आवश्यकतेला ‘सामान्यतः’ हे विशेषण जोडण्यात जो सावधपणा आहे तो अनुभवातून आलेला असणार.

दुसरी अडचण अशी की कागदावरची नावे बदलतात, एकमेकांत विलीन होतात आणि नाहीशीही होतात. ‘हॉटप्लग’ ही सोय याचे उत्तम उदाहरण होय. संगणक चालू असताना जोडलेली उपकरणे ओळखण्यासाठी ती लागत असे. कालांतराने ती इतकी अनिवार्य ठरली की तिच्यावाचून कर्नल बांधण्यात अर्थ उरला नाही, तेव्हा २०१३ च्या सुमारास ती निवडीचा विषय म्हणून रद्द झाली आणि सर्वांनाच मिळू लागली. परिणामी तिचे नाव कागदावरून गेले, आणि तेच नाव शोधत राहिलेल्या कोणत्याही तपासणीला ती सर्वत्र उपलब्ध झाल्या क्षणापासून कोठेच सापडेनाशी झाली. नेटवर्कवरील पत्त्यांची अदलाबदल करणारी ‘एनएफ_नॅट_आयपीव्ही४’ ही सोय अशीच ५.१ या आवृत्तीपासून स्वतंत्र उरली नाही, म्हणून डॉकरची स्क्रिप्ट आधी कर्नलचे वय विचारते आणि मगच तिची चौकशी करावी की नाही हे ठरवते.

वय विचारणे, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक पाहणे, हा तपासणीचा अधिक सोपा मार्ग वाटेल, परंतु त्याचाही इतिहास बोधप्रद आहे. डिसेंबर २००३ पासून कर्नलच्या आवृत्त्या २.६ या क्रमांकाने सुरू होत, आणि २०११ मध्ये २.६.३९ पर्यंत मजल गेल्यावर, आकडे फार मोठे होत चालले असे वाटून तोरवाल्ड्स यांनी पुढच्या आवृत्तीला ३.० म्हटले, रचनेत त्या नावाला साजेसे काहीही क्रांतिकारक घडलेले नव्हते. कर्नलचा क्रमांक २.६ नेच सुरू होतो, असे जवळजवळ आठ वर्षे पाहून गृहीत धरलेले अनेक प्रोग्रॅम त्यामुळे गोंधळले. फेडोराने आपल्या पंधराव्या आवृत्तीत तोच ३.० कर्नल २.६.४० या नावाने पाठवला, आणि पुढे ३.१ मध्ये तर खुद्द कर्नलमध्येच ‘यूनेम२६’ नावाची व्यवस्था आली, जिच्यायोगे एखाद्या प्रोग्रॅमने आवृत्ती विचारली असता कर्नल आपण अजून २.६ मध्येच आहोत असे सांगू शकतो. तपासणाऱ्याला सुधारण्यापेक्षा तपासल्या जाणाऱ्याने वय चोरणे सोपे, हे येथे अधिकृतपणे मान्य झाले. याउलट जीलिबसी, म्हणजे बहुतेक सर्व प्रोग्रॅम ज्या मूलभूत लायब्ररीवर उभे असतात ती, वयाच्या बाबतीत बराच काळ कठोर होती; तिने ठरवलेल्या किमान आवृत्तीपेक्षा कर्नल जुना असेल तर तो फार जुना असल्याचे एका ओळीत कळवून ती प्रोग्रॅम तेथेच संपवत असे.

तिसरी अडचण म्हणजे मागणी करणाऱ्यांचे आपसांतील मतभेद. संगणक सुरू होताना बाकी सर्व सेवा सुरू करून देणारी सिस्टमडी ही व्यवस्था ‘डेव्हटीएमपीएफएस’, ‘सीग्रुप्स’, ‘आयनोटिफाय’ अशा सोयींची यादी देते आणि त्याच दमात ‘सिसएफएस_डेप्रिकेटेड’ ही सोय मात्र बंद असावी असेही बजावते. एनव्हिडियाच्या मालकी हक्काच्या ड्रायव्हरच्या कृतीपत्रात ‘डीबग_म्युटेक्सेस’ या नावाआधी उद्गारचिन्ह असे, कारण कुलुपांतील दोष शोधणारी ही सोय चालू केली की काही फंक्शने केवळ जीपीएल परवान्याच्या मॉड्यूलांसाठी राखीव होतात. म्हणजे दोष शोधायचे की चित्र पाहायचे, हा निर्णय परवान्याच्या कलमाने घेतला. क्रोमियम या ब्राउझरला वेबपाने बंदिस्त ठेवण्यासाठी, म्हणजेच सुरक्षेसाठी, ‘यूजर_एनएस’ ही सोय हवी असते. दुसऱ्या बाजूने अनेक सुरक्षातज्ज्ञ हीच सोय सर्वसामान्य वापरणाऱ्याला खुली ठेवू नये असे म्हणत आले, तेही सुरक्षेसाठीच. डेबियनने यावर असा तोडगा काढला होता की सोय कर्नलमध्ये बांधायची, परंतु तिचा वापर साध्या वापरणाऱ्यांना बंद ठेवायचा, आणि हा निर्बंध २०२१ च्या अकराव्या आवृत्तीपर्यंत टिकला. तेवढा काळ त्या कर्नलचा कागद ‘आहे’ म्हणत होता आणि कर्नल ‘नाही’ म्हणत होता, आणि दोघेही खरे बोलत होते.

चौथी अडचण वापरणारा स्वतः होय. जेंटूचा इशारा असे सांगतो की या सोयी नीट निवडलेल्या आहेत याची खात्री करावी, अन्यथा अनपेक्षित अडचणी येऊ शकतात. पूर्वसूचना दिल्यावर अडचण अनपेक्षित कशी राहते हे तो सांगत नाही, परंतु अनुभव असा की ती राहते, कारण इशारा वाचलेला नसतो. शेकडो पॅकेजांच्या बांधणीत तो सरकून जाऊ नये म्हणून जेंटू असे सर्व संदेश अखेरीस एकत्र दाखवते, आणि तेव्हा वापरणारा, एवढे सगळे वाचायचे म्हटल्यावर, काहीच वाचत नाही. कोणी उत्साही माणूस कागद आटोपशीर करण्यासाठी ‘लोकलमॉडकॉन्फिग’ या आज्ञेचा आश्रय घेतो, जी त्या क्षणी वापरात असलेली मॉड्यूले ठेवून बाकीची वगळते; त्या क्षणी पेनड्राइव्ह जोडलेला नसेल तर नव्या कर्नलला पेनड्राइव्ह या वस्तूची ओळखच राहण्याची शाश्वती नसते. ‘रँडकॉन्फिग’ तर सर्व उत्तरे यदृच्छेने देते. ती सोय कर्नलच्या बांधणीतील दोष शोधणाऱ्यांसाठी आहे, परंतु काही वापरणाऱ्यांची ‘.कॉन्फिग’ पाहिली असता ती अधिक लोकप्रिय असावी असा संशय येतो.

कागद न पाहता प्रत्यक्ष कर्नललाच का विचारू नये, हा प्रश्न येथे स्वाभाविकच उपस्थित होतो, आणि तसे विचारणे शक्यही आहे. प्रोग्रॅम कर्नलकडून जे काम करून घेतो त्या मागणीला सिस्टम कॉल म्हणतात. ती सोयच नसेल तर कर्नल ‘ईनोसिस’, बहुतेक यंत्रांवर क्रमांक ३८, ही त्रुटी परत देतो, आणि शहाणा प्रोग्रॅम त्यावरून समजून जुन्या मार्गाने काम भागवतो. परंतु येथेही मध्यस्थ आलेच. कंटेनरांमधील सुरक्षा-चाळणी आपल्याला ठाऊक नसलेल्या नव्या मागण्यांना, ‘अशी सोय नाही’ असे न म्हणता, ‘परवानगी नाही’ असे उत्तर देत असे. जीलिबसीने जेव्हा नवे सिस्टम कॉल वापरण्यास सुरुवात केली तेव्हा या उत्तराचा अर्थ तिला नकार असा लागला, आणि जुना मार्ग उपलब्ध असूनही प्रोग्रॅम अडून बसले. प्रत्यक्ष विचारणाही, ती कोणामार्फत केली यावर अवलंबून राहते, असा याचा निष्कर्ष.

म्हणून कागदाची तपासणी निरर्थक ठरवणे घाईचे होईल. सिस्टमडीला लागणारी सोय नसेल तर ते प्रत्यक्ष प्रयोगाने कळण्याची वेळ संगणक सुरू होण्याची असते, आणि तेव्हा दुरुस्तीसाठी हवा असलेला संगणक नेमका तोच असतो. अँड्रॉइडमध्ये तर कर्नलने कोणत्या सोयी ठेवाव्यात याची यादी ठरलेली असून ती यादी आणि फोनमधील कर्नलचे कॉन्फिगरेशन यांचा मेळ यंत्रच घालते. तेथे कर्नल, यादी आणि तपासणारा हे तिघेही एका शिस्तीत बांधलेले असल्यामुळे कागद आणि वस्तुस्थिती फारशी फारकत घेत नाहीत. ज्या मुक्त जगात कर्नल एकाचा, पॅकेज दुसऱ्याचे आणि ‘.कॉन्फिग’ पाच वर्षांपूर्वीच्या उत्साहाची, तेथे मात्र या तपासणीचे स्थान सल्लागाराचे असावे, न्यायाधीशाचे असू नये. कठोर नकार फक्त त्या सोयीसाठी राखून ठेवावा जिच्यावाचून संगणक उठणारच नाही. बाकी सर्वत्र नागमोडी रेघ पुरेशी आहे.

कर्नल स्वतः बांधणाऱ्या वाचकाने ‘आयकेकॉन्फिग’ आणि तिची ‘प्रॉक’वाली जोडीदार या दोन्हींना ‘वाय’ उत्तर द्यावे, पॅकेजाने तक्रार केल्यास चालू कर्नलची आणि स्रोताच्या दुव्याची आवृत्ती आधी पडताळून पाहावी, सोय सापडत नसेल तर तिचे नाव बदलले आहे का ते शोधावे, आणि नवा कर्नल कितीही निर्दोष वाटला तरी जुना, चालत असलेला कर्नल बूटच्या यादीतून काढू नये.